जाळी कुणी काढली

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही लक्ष्मक्काला ओळखत नाही — आणि ओळखणाऱ्यासमोर माझं तोंड उघडत नाही.

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात आम्ही दोघी बॉबिन भरायच्या मशीनवर होतो. लक्ष्मक्का माझ्याहून मोठी, तेलुगू बोलणाऱ्या विणकराघरची. तुटलेला धागा झटक्यात कसा जोडायचा ते तिनंच मला शिकवलं. माझ्या बाळंतपणात डबा घेऊन यायची, मला जेवताना बघत बसायची. अशा बाईशी मी — थांबा, नीट सांगते.

मशीनच्या पट्ट्यावर लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. त्या दिवशी माझ्या मशीनच्या पट्ट्यात सूत गुंतलं. मी जाळी काढली, सूत ओढून काढलं, मशीन चालू केलं. जाळी बसवायला असा किती वेळ लागला असता? पण घरून फोन आला, मुलीला ताप होता. "अक्का, माझं मशीन जरा बघतीस का गं?" म्हणत मी बाहेर पडले.

किंकाळी दारातच ऐकली. तिच्या उजव्या हाताची बोटं गेली होती.

भरपाईची चौकशी लागली. मॅनेजरनं आधीच सांगितलं — जाळी तिनं स्वतः काढली असेल तर भरपाई मिळायची नाही, दुसऱ्या कुणी काढली असेल तर त्याची नोकरी राहायची नाही. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कुणी काढली?" मला कळत नव्हतं असं म्हणू का? सगळं कळत होतं.

"अक्कानं," मी म्हणाले.

एवढ्यावर तरी थांबायचं होतं. संध्याकाळी दवाखान्यात गेले. ती औषधाच्या गुंगीत होती. म्हणाली, "मला काय बी आठवना गं. जाळी हुती का तवा?"

तेव्हा सांगता आलं असतं ना? खोलीत आम्ही दोघीच होतो.

"न्हवती," मी म्हणाले. "तूच काढलीस की."

"मग माजंच चुकलं," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं माझेच डोळे पुसले. भरपाई नाकारल्याचं कळलं तेव्हाही ती भांडली नाही. स्वतःच्या चुकीसाठी कुणाशी भांडणार?

तिचं घर आमच्याच गल्लीत आहे. माझ्या मुलीवर तिचा फार जीव. नवी पोरगी कारखान्यात लागली की अक्का तिला ओट्यावर बसवून घेते आणि हात पुढे करून सांगते, "जाळी कदी काडू नको गं बाई. माज्याच हातानं झालं बघ हे."

खरंच का, म्हणून पोरगी माझ्याकडे बघते.

मी 'हो' म्हणून मान हलवते.