धाकट्या एल्फचं बालपण

ब्लफ बंदरावरच्या कालवांच्या शेडमध्ये नोएलीन हॅगर्ट माझ्या शेजारी उभी राहायची. चौदा हंगाम आम्ही दोघींनी शेजारी शेजारी कालवं उघडली. तिचा हात इतका भराभर चाले की सुरी दिसायची नाही. तोंड मात्र फारसं उघडत नसे. साठीला आली होती, लग्न केलं नव्हतं. वर टेकडीवरच्या घरात ती आणि तिची आई इना, दोघीच.

नोएलीन एल्फांच्या गोष्टी लिहिते, हे मला पाचव्या हंगामात कळलं. टोकदार कानांची, म्हातारपण न येणारी ती माणसं. एका गाजलेल्या जुन्या कादंबरीत एल्फ भावांपैकी धाकटा तरुणपणीच मारला जातो. त्याच्या लहानपणाविषयी मात्र तिथे काहीच नाही. असं राहून गेलेलं चाहते आपल्या मनाने लिहितात आणि इंटरनेटवर टाकतात. नोएलीन फक्त त्याचं लहानपण लिहायची. तिचा धाकटा हूड, वादळात होडी काढणारा, बापालाही न जुमानणारा. पोलंडच्या, ब्राझीलच्या मुली पुढच्या भागाची वाट बघत.

हा धाकटा म्हणजे तिचा भाऊ मर्डो, हे गावातल्या कुणीही ओळखलं असतं. सतराव्या वर्षी तो समुद्रात बुडाला तेव्हा ही चार वर्षांची. चेहरासुद्धा तिला फोटोतलाच आठवायचा. बाकी सगळं ऐकीव: मर्डो जन्माचा धाडसी, त्याचा स्वभावच त्याला घेऊन गेला.

इना मावशींची नजर गेली तेव्हा नोएलीन म्हणाली, "रविवारी येऊन आईला काहीतरी वाचून दाखवशील? माझंच वाच हवं तर. मला तिच्यासमोर नाही जमायचं."

मी वाचायला बसले. नोएलीन पलीकडे बटाटे सोलत होती. होडीचा प्रसंग आला आणि मावशींनी हात वर केला.

"हे पोरगं कोण?"

"धाकटा एल्फ, मावशी."

"मर्डोच ना?"

"हो, आई," नोएलीन म्हणाली.

"मग चुकलंय तुझं. मर्डो पाण्याला भ्यायचा. धक्क्यावर न्यायचं म्हटलं की माझा एप्रन धरून रडायचा."

"तूच सांगायचीस ना, जन्माचा धाडसी म्हणून?"

"सांगायचे. त्या दिवशी तुझ्या बापाने त्याला चारचौघांत भित्रा म्हटलं. बहिणीचा फ्रॉक घालून घरी बस, म्हणाला. पोरगं एकटंच होडी घेऊन गेलं. मग तुझा बाप जेवेना, बोलेना. कुणीतरी म्हणालं, मुलगाच हूड होता, त्याला कोण अडवणार? तेच आम्ही धरून ठेवलं. म्हटलं, गेलेल्याला काय फरक पडतो? असलेला तरी जगेल."

"छप्पन्न वर्षं, आई?"

"तुझा बाप चोवीस वर्षं जगला ना त्यावर."

नोएलीनने बटाटे शिजायला टाकले. आम्ही तिघी जेवलो. त्यानंतर कित्येक महिने तिने एक ओळ लिहिली नाही.

जुलैत मावशी गेल्या. दोन आठवड्यांनी नोएलीनने नवी गोष्ट टाकली. त्यात धाकटा नदीकाठी थरथरत उभा आहे आणि बाप हसतोय. चहाच्या सुट्टीत तिने मला फोन दाखवला. वाचकांनी लिहिलं होतं, हा आमचा धाकटा नव्हे, तो असा नव्हताच.

"काय उत्तर देणार आहेस?"

"त्यांचं काय चुकलं? मीच शिकवलं त्यांना."

"मग जुन्या गोष्टी काढून टाक."

"नको. लहानपणी मला सोबत त्याचीच होती." तिने फोन खिशात ठेवला. "खऱ्याला मी ओळखतच नाही गं."

मग रविवार आला की ती मर्डोला ओळखणारं कुणी उरलंय का ते शोधायला जाई. बहुतेकजण गेलेले होते. जवळच्या इन्व्हरकार्गिल शहरातल्या वृद्धाश्रमात त्याच्या वर्गातला एक म्हातारा सापडला. मर्डो कोंबड्या पाळायचा, प्रत्येकीला नाव द्यायचा, एवढं त्याने सांगितलं. कोणती नावं, ते त्याला आठवत नव्हतं.