बिनधुराची गल्ली

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत गॅसचा विषय काढू नये. काढला की संध्याकाळ गेलीच! एकजणी किस्सा सुरू करते, दुसरी म्हणते, "हे तर काहीच नाही," आणि तिसरी भाजी निवडायचं ताट घेऊनच येऊन बसते. मला सगळेच किस्से माहीत, कारण माझं दार गल्लीच्या बरोबर मधोमध आहे आणि ते मी दिवसा कधी लावत नाही. लोक भोचक म्हणतात. म्हणू देत!

प्लेगच्या रोगाचं साल सरलं आणि सुरत अशी घासूनपुसून काढायला घेतली, की आपलंच शहर आपल्याला ओळखू येईना. त्याच सुमारास एका संस्थेने आमच्या गल्लीच्या टोकाला संडास बांधले, आणि संडासातल्या मैल्यापासून गॅस करून तो नळीने घरोघर आणून दिला. धूर नाही, राख नाही, लाकडाचा भुसा आणायला नको. सगळं चांगलंच होतं. फक्त तो गॅस आमच्यापैकी कोणालाच पुरता ओळखीचा वाटला नाही.

*

संडासामागे विहिरीसारखा खड्डा आणि त्यात पालथं घातलेलं भलंमोठं लोखंडी पिंप. गॅस साठला की पिंप वर येई, वापरला की खाली जाई. हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. रोगाच्या साली त्याच जागेवर मेलेले उंदीर चुन्यात पुरले होते, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक!

समोरची शांताबाई भर दुपारी तिथे गोधड्या वाळत घालायला गेली. पाहते तर जमिनीतून काहीतरी काळं, गोल, हळूहळू वर येतंय. आजूबाजूला चिटपाखरू नाही. बाई चपला तिथेच टाकून पळत आली.

संस्थेचा इंजिनियर आला, हसला. "मावशी, घाबरू नका. आत गॅस आहे."

शांताबाई म्हणाली, "काय आहे ते नाही विचारलं. वर कशाला येतंय ते सांग!"

*

पहिली जोडणी माझ्या घरी झाली. बायका दाराशी दाटीने उभ्या. फिटरने बटण फिरवलं, काडी लावली. काही दिसेना. ना ज्वाळा, ना आवाज, ना धूर. त्या गॅसची ज्योत इतकी फिकी निळी, की उजेडात नजरेलाच येत नाही. आमचे हे म्हणाले, "पेटलाच नाही," आणि बोट पुढे केलं. केवढ्याने ओरडले!

मग मी दूध ठेवलं. खाली काही नाही, आणि पातेल्यात दूध फुगतंय, वर चढतंय... आणि उतू!

शेजारच्या सुभद्रामायने दोन्ही हात जोडले आणि पाठमोरीसुद्धा न होता, तशीच उलट्या पावलांनी बाहेर गेली. सुभद्रामाय म्हणजे आमच्या ओळीतली सगळ्यात म्हातारी, खानदेशातल्या पारोळ्याकडची. पॉवरलूमवर काम करणारा मुलगा भिका आणि सून मंगला, एवढंच तिचं घर. दारात थांबून म्हणाली, "जो इस्तो दिखत नही, तो मना घरमा नको." इस्तो म्हणजे विस्तव.

पण गॅसची खरी गरज होती ती तिच्याच घरात. मंगलाला दमा. भुशाच्या शेगडीपुढे बसली की छातीतून शिट्टी वाजायची, ती माझ्या भिंतीतून ऐकू यायची. डॉक्टरने भिकाला स्पष्ट सांगितलेलं, "धूर बंद करा. नाहीतर पुढच्या वेळी बाईला माझ्याकडे आणून उपयोग नाही."

भिका आईपुढे बोलेना. मंगला सासूपुढे बोलेना. मी बोलले, तर सुभद्रामाय म्हणाली, "तुना घरनं तू दख!" माझ्या घराचं मी बघावं, म्हणे!

*

आमचे हे कडोदऱ्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये. तिथेही त्याच वर्षी बॉयलरचा कोळसा बंद झाला आणि गॅसची लाइन आली. एवढी मोठी चिमणी, वर्षानुवर्षं धूर ओकलेली, एकदम थंड पडली.

मग ती बोलायला लागली. दुपारी वारा सुटला की आतून "हूंऽऽ" असा आवाज. कोणीतरी कुशीवर वळताना कण्हावं, तसा. कारागीर त्या बाजूला डबा खायला बसेनात.

शेठ चिडले. "अरे, ए तो पवन छे! जाओ, काम करो!"

दुसऱ्या दिवशी चिमणीच्या बुडाशी हार आणि फोडलेला नारळ. ह्यांनी वॉचमनला विचारलं, "कोणी फोडला रे?"

"शेठनी," तो म्हणाला. "पहाटे आले होते. बायकोला घेऊन!"

*

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमची निम्मी गल्ली खानदेशात गावाला जाते. लेकी माहेरी, झोके, सांजोऱ्या, सगळं तिकडेच. त्या वर्षी मी राहिले. आणि रोज पाहते, तर माझी ज्योत बारीक होत चाललेली.

फिटरला गाठलं. तो म्हणाला, "मावशी, गल्लीत माणसंच नाहीत, तर गॅस कुठून होणार?"

खरं होतं ते. पण मला कसंसंच झालं. शेजारी किती उरले, हे माझ्या शेगडीला कळत होतं! मी आता ज्योत बघून म्हणायची, आज अजून एक घर गेलं वाटतं. बाहेर येऊन बघावं, तर खरंच कुलूप!

एके दुपारी भाकरी टाकली आणि ज्योत एकदम फुलली. भाकरी करपली. मी बाहेर धावले. गल्ली सुनसान. एक कुत्रं सोडलं तर कोणी नाही.

"उन्हाने गॅस फुगतो," फिटर म्हणाला.

फुगत असेल. पण संध्याकाळी पर्वत पाटियाच्या चौकाकडून टेम्पो आला, आणि त्यातून अख्खी गल्ली उतरली!

*

आषाढात मंगलाचे वडील तिला भेटायला आले. साधा माणूस, खांद्यावर पिशवी, पिशवीत लेकीसाठी शेंगदाणे. रोगाच्या साली ते आलेले, तेव्हा लोक पळून गेले होते. एकाही छपरावर धूर नव्हता. आणि आपल्याकडे घरात कोणी गेलं की चूल पेटत नाही, हे काय सांगायला हवं?

या वेळी दिवेलागणीला ते गल्लीच्या तोंडाशी पोहोचले. स्वयंपाकाची वेळ. बघतात तर पुन्हा तेच! कुठेच धूर नाही. फक्त एका घरातून निघतोय, तो त्यांच्या लेकीच्या.

मी दारातच होते. म्हटलं, "या पाहुणे, पाणी घ्या."

पाहुणे जागचे हलेनात. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली वाकून माझ्या पायांकडे. पावलं सरळ आहेत की उलटी, ते बघत होते हो!

मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ताई, तुम्ही जित्त्या शेतस ना?"

"सकाळपासून तरी आहे!" मी म्हटलं.

सगळी गल्ली हसली. ते हसले नाहीत. आत जाऊन लेकीची शिट्टी ऐकली आणि बाहेर माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "मी उलटं समजलो, ताई. जिथं धूर आहे, तिथंच माणूस जायला लागलंय."

*

आणि मग श्रावणातली कानबाई, खानदेशातल्या घरोघरची देवी.

कानबाईचे रोट त्या गॅसवर भाजायचे नाहीत, यावर मात्र अख्ख्या गल्लीचं एकमत. संडासाचा गॅस आणि देवीचा नैवेद्य? छे! घरोघर अडगळीतल्या शेगड्या बाहेर निघाल्या. सुभद्रामाय तर जिंकल्यासारखी हिंडत होती.

दुपारी तिच्याकडे आम्ही पाच-सहा बायका. बाहेर तिरपा पाऊस, म्हणून दार-खिडकी लावलेली. मंगला शेगडीपुढे रोट भाजत होती. समोरच्या भिंतीशी चौरंगावर नारळाची कानबाई मांडलेली, आणि मी तिच्याकडे तोंड करून नारळाला नथ लावत होते. खोली धुराने भरत चाललेली.

एकदम मंगला मागेपुढे डोलायला लागली. केस सुटले, डोळे वर गेले, गळ्यातून घरघर.

"कानबाई उनी वं! कानबाई उनी!" शांताबाई ओरडली.

झालं! देवी अंगात आली म्हणून सगळ्या हात जोडून तिच्याभोवती गोळा. कोणी कुंकू लावलं, कोणी धूप आणला. ती घुसमटेल तसा या धूप वाढवत होत्या. "बोल माय, काय पाहिजे?" मंगलाचे ओठ काळे-निळे. मी नथ हातात धरून चौरंगापासूनच बघत होते.

तेवढ्यात आवाज आला. बाईचाच, शांत, अजिबात धाप न लागलेला.

"ठगे, शेगडी भायेर काढ."

ठगी नावाचं तिथे कोणी नव्हतं. पण सुभद्रामाय पांढरीफटक पडली. तिने दार उघडलं, धगधगती शेगडी उघड्या हातांनी उचलली आणि पावसात नेऊन ठेवली. वाऱ्याचा झोत आत आला. मंगलाने एक लांब श्वास ओढला आणि रडायला लागली.

म्हातारीच्या भाजलेल्या तळहातांना मी तूप लावत होते, तेव्हा भिकाने विचारलं, "माय, ठगी कोन वं?"

"मी," ती म्हणाली. "मायेरना नाव. लगीन झायं आनि बदलं. त्या नावनं हाक मारनारं आते कोनी ऱ्हायनं नही."

दुसऱ्याच दिवशी तिने स्वतः जाऊन फिटरला बोलावून आणलं. राहिलेले रोट गॅसवर झाले. कानबाई काही रागावली नाही.

पण मला कुठे चैन! मंगला बरी झाल्यावर गवार मोडायच्या निमित्ताने तिला ओट्यावर बसवलं आणि हळूच म्हटलं, "हुशार आहेस गं! सासूचं माहेरचं नाव कुठून काढलंस?"

मंगला गवार मोडायची थांबली.

"मावशी, माझ्यात तर श्वासच नव्हता, मी कुठली बोलतेय? मला वाटलं, तुम्हीच बोललात. आवाज चौरंगाकडून आला."