बर्फात ती ओरडली नाही

तुमच्या सोबतचं माणूस अचानक दिसेनासं झालं आणि त्याची हाकही आली नाही, तर तुम्ही काय समजता? ठीक असेल, असंच ना?

असं समजणाऱ्या माणसांच्या शेजारी मी उभी होते. हिमाचलातल्या एका डोंगरावर, पायाला फळी बांधून. पण त्या दुपारकडे जाण्याआधी खामगावच्या आम्ही दोघी मुली तिथे पोचलो कशा, ते सांगायला हवं.

मी पत्रकांत वाढले. वडील शिक्षक. शाळा सुटली की पत्रकं लिहायचे. नळाचं पाणी, मुलींसाठी बस, अंगात येणं, हुंडा. छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि जेवणं झाली की आम्ही सगळे फरशीवर बसून घड्या घालायचो. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी ठळक अक्षरांत एक ओळ असायची: निर्भय व्हा. मी त्याच ओळीवर अक्षरं जोडायला शिकले. आणि मी पहिल्यापासून भित्री. विहिरीच्या काठाला भ्यायचे, कठडा नसलेल्या गच्चीला भ्यायचे, हायवे ओलांडायला भ्यायचे. हे घरात कधी बोलले नाही. ज्या घरातून निर्भयपणा गठ्ठ्यांनी बाहेर जातो, तिथे आपण भितो हे कुणाला सांगणार?

माझी मैत्रीण बरोबर उलट. तिचे वडील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, फिटर आणि त्यांची खोली जिनिंगच्या आवारातच होती. कापसातून रुई निघाली की मागे जे बी उरतं ती सरकी. हंगामात शेडमध्ये सरकीचा ढीग छपराला टेकायला यायचा आणि आवारातली मुलं त्यावरून घसरायची. मीही घसरले आहे, डोळे मिटून. सरकी दिसते मऊ. पण पाय एकदा आत गेला की ती ओढते. जितकी धडपड कराल तितकं खाली नेते.

म्हणून तिथे एक रीत होती. ढिगावर पाऊल ठेवण्याआधी विचारायचं, "वरचा कोण?" कुणीतरी "मी" म्हणायचं आणि ढिगाशेजारच्या फळीवर उभं राहून शेवटपर्यंत नजर ठेवायची. बुडणाऱ्याने काय करायचं तेही ठरलेलं होतं. मैत्रिणीचे वडील आम्हाला उभं करून पाठ म्हणायला लावायचे.

"सरकीत गेली का काय कराचं?"

"हलाचं नाई."

"तोंड?"

"मिटून ठेवाचं."

"हात?"

"तोंडापुढं."

"मंग?"

"वरचा काढते."

तोंड उघडलं की सरकी घशात जाते, म्हणून ओरडायचं नाही. वरचा बघतोच आहे. एवढं साधं.

स्नोबोर्डचं वेड तिनेच आणलं. कॉलेजात असताना फोनवर तिने मला एक व्हिडिओ दाखवला. पांढऱ्या उतारावरून एक मुलगी पायांना बांधलेल्या एका फळीवर उभ्याने, कडेकडेने वळणं घेत खाली येत होती. मैत्रीण म्हणाली, "हे तं आपल्या ढिगासारखंच हाय वं." मला तो उतार पाहूनच नको वाटलं, पण मी मान हलवली.

आमच्या जिल्ह्यात बर्फ मिळतो तो उसाच्या रसात. म्हणून आम्ही उतार शोधायला लागलो. सरकीच्या ढिगावर मोठ्या माणसांना कुणी चढू देईना. टेकडीवरचा मुरूम गुडघे सोलायचा. शेवटी बुलढाण्याकडे जाताना राजूर घाटात एक उतार सापडला. दिवाळीनंतर तिथलं गवत वाळून पिवळं आणि इतकं गुळगुळीत होतं की चपलेनेही घसरायला होतं. सुताराकडून एक फळी तासून घेतली, तिच्या पोटाला मेणबत्ती घासली आणि वर जुन्या दप्तराचे पट्टे ठोकले. पहिल्याच दिवशी बकऱ्या चारणारी एक बाई येऊन उभी राहिली.

"पाटावर बसतात वं पोरीओ," ती म्हणाली, "हुबं नाई राह्यत."

"मावशी, आमी उभ्यानंच लगीन लावून राह्यलो," मैत्रीण म्हणाली.

"नवरदेव कुठं हाय मंग?"

"खाली. तिकडंच चाललो."

बाई हसत हसत खाली बसली आणि आम्ही पडलो की बकऱ्यांना सांगायची, बघा.

कुठला पाय पुढे ठेवायचा हेही तिथेच कळलं. मैत्रिणीने मला न सांगता मागून ढकललं. माझा उजवा पाय पुढे पडला. "तुया उजवा," ती म्हणाली. ती पद्धत बरोबर आहे असं नंतर बर्फावरच्या शिबिरातही सांगितलं. मी मात्र त्या ढकलण्यावरून तिच्याशी दिवसभर बोलले नाही.

मग हिवाळ्यात हिमाचलातल्या एका शिबिरात नाव नोंदवलं आणि मलकापूरहून गाडी धरली. कपड्यांची हौस पहिल्याच दिवशी उतरली. आम्ही जीन्स नेल्या होत्या, लोकरीचे हातमोजे नेले होते. जीन्स भिजून लाकडासारखी झाली आणि हातमोज्यांतून पाणी टपकू लागलं. मग भाड्याने पाणी न शिरणारी विजार घेतली, तसेच हातमोजे, हेल्मेट आणि पाठीवरची बॅग. बूट निवडताना उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले तरी टाच उचलता कामा नये. बोर्ड हनुवटीपर्यंत येईल एवढा. मी प्रत्येक पट्टा पुन्हा पुन्हा तपासायचे. मैत्रीण तोवर बाहेर जाऊन दोनदा पडून आलेली असायची.

"काऊन भेऊन राह्यली वं एवढी? बर्फच तं हाय."

"मले पट्टा पाहू दे."

"पाह्य, पाह्य. उन्हाळा लागला का सांगतो तुले."

बोर्डवरची भीती वेगळीच असते. दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले. एक पाय पुढे टाकून सावरायची सोयच नाही. अंग आपोआप मागे रेलतं, डोंगराला चिकटायला बघतं. आणि मागे रेललं की बोर्ड ऐकत नाही, सुसाट सुटतो. ताबा हवा असेल तर वजन पुढच्या पायावर टाकावं लागतं, म्हणजे जिकडे पडायची भीती वाटते तिकडेच. शिकवणारा सरळ माणूस होता, पण त्याच्याकडे औषध एकच, "डरो मत." ते ऐकलं की मला आमच्या फरशीवरचे गठ्ठे आठवायचे. मला फक्त टाचेच्या कडेवर बोर्ड आडवा धरून, खरवडत खरवडत खाली यायला जमू लागलं. तेवढ्यावर मी खूश होते. मैत्रीण वळणं घ्यायला लागली होती.

त्या दुपारी आमच्यातल्या एकाचं मनगट मुरगळलं. शिकवणारा त्याला घेऊन खाली गेला. आम्हाला म्हणाला, इथेच थांबा. वर उरलो आम्ही दोघी आणि पुण्याची दोन मुलं.

मैत्रीण थांबली नाही. झेंडे लावलेल्या पट्ट्याच्या डावीकडे देवदारांची रांग होती आणि तिथल्या बर्फावर कुणाचाच माग नव्हता. "त्या झाडापावतर जाऊन येतो," ती म्हणाली. मी नको म्हणेपर्यंत ती निघालीसुद्धा. पहिलं वळण सुंदर घेतलं. दुसरं झाडांच्या मागे गेलं. बर्फाचा एक फवारा वर उडाला आणि मग काहीच नाही.

मी हाक मारली. पुन्हा मारली. बर्फ आवाज पिऊन टाकतो.

"अगं, पोचली असेल ती खाली," पुण्यातला एक म्हणाला. "काही झालं असतं तर ओरडली असती ना."

त्याचं काही चुकलं नव्हतं. जगातल्या बहुतेक माणसांबाबत ते खरं आहे. पण मला त्याच क्षणी कळलं की ती ओरडणार नाही. ती कुठेतरी डोकं खाली, तोंड मिटून, हात तोंडापुढे धरून न हलता पडली असणार. आणि वरचा काढेल म्हणून वाट बघत असणार. तिने निघताना विचारलं नव्हतं आणि मी "मी" म्हटलं नव्हतं, तरी वर उभी असलेली मीच होते.

बोर्ड काढून पळत जावं म्हणून एक पाय सोडवला, तर तो मांडीपर्यंत आत गेला. म्हणजे बोर्डवरूनच जायला हवं होतं. त्या मुलांना म्हणाले, "एक जण खाली जाऊन सरांना आणा, एक जण माझ्या मागे या. ती बुडाली आहे." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे वाद घातला नाही.

मी शूर झाले नाही. मी टाचेच्या कडेवर, जवळजवळ बसून, एका हाताने बर्फ धरत गेले. मध्ये बोर्ड सुटला, मी पाठीवर आपटले, तोंडात बर्फ गेला आणि मला वाटलं, आता मीही जाणार आणि आम्हा दोघींना शोधायला कुणीच नसेल. मनात एकच हिशेब चालू होता: तिच्या तोंडापुढे किती हवा असेल?

तिचा माग एका देवदाराच्या बुंध्याशी संपत होता. फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो, ती त्या खड्ड्यात डोक्यावर गेली होती. वर फक्त बोर्डचं टोक. तेही हलत नव्हतं.

मी झाडाची फांदी धरून उकरायला लागले. मागून पुण्याचा मुलगा आला. त्याने तिचे पट्टे सोडवले आणि मी तिच्या चेहऱ्यापर्यंत पोचले. ओठ निळे होते. डोळे मिटलेले. हातमोजे तोंडापुढे ओंजळीसारखे धरलेले, आणि त्या ओंजळीत मूठभर पोकळी. तेवढ्यावर ती श्वास घेत होती.

बाहेर काढल्यावर ती बराच वेळ नुसती खोकत राहिली. मी तिला थोबाडीत मारायचीच बाकी होते.

"ओरडली काऊन नाई?"

"तोंड कसं उघडू," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मले मालूम होतं तू वर हायेस."

ज्या रीतीने तिच्या तोंडापुढची हवा राखली, त्याच रीतीने तिला सगळ्यांच्या नजरेआड ठेवलं. जिनिंगमध्ये ती रीत पूर्ण होती, कारण वरचा ठरलेला होता. बर्फावर आम्ही अर्धीच घेऊन गेलो.

संध्याकाळी मैत्रिणीची भाड्याची बॅग परत करताना दुकानदाराने छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल तोंडाला लावून फुंकलं. कर्कश आवाज आला. त्या बकलात शिट्टी होती. ती सगळा वेळ तिच्या हनुवटीखाली होती आणि शिबिरात कुणी आम्हाला ते सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एकच, घाबरू नका.

मी घरी आल्यावर यावर पत्रक लिहिलं. वडिलांनी वाचलं, एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि तळाशी नेहमीची ओळ घालायला पेन उचललं. मी म्हटलं, "बाबा, यात ती नको." त्यांनी विचारलं, का? तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं, की मी भिते, लहानपणापासून भिते, आणि त्या दिवशी मी भीत होते म्हणूनच तिच्याकडे बघत होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मैत्रीण येत्या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहे. तिला थांबवणं माझ्या हातात नाही आणि मला थांबवायचंही नाही. मीही जाणार आहे, भीत भीतच.

आता खामगाव, मलकापूर, बुलढाण्याहून पोरंपोरी टोळ्यांनी बर्फात जातात. तुमच्या घरातलंही कुणी बॅग भरत असेल. त्याला घाबरू नको म्हणू नका. त्याच्या गळ्यात एक शिट्टी अडकवा आणि निघण्याआधी ती तुमच्यासमोर वाजवायला लावा. मुलगी असेल आणि लाजत असेल, तर आधी तुम्ही वाजवा. शेजारी दार उघडून काय झालं म्हणून विचारतील एवढ्या जोरात.