आईची शुगर आणि माझा पहारा

दाढदुखीवर आज लवंगेचं तेल लावलं आणि त्या वासाने आर. के. पुरममधला दातांचा जुना दवाखाना आठवला.

आईची शुगर तेव्हा काही केल्या उतरत नव्हती. मी मोठा हुशार. बेसनाचे लाडू कुलुपात ठेवले होते. "चोरून खातेस तू!" रोज ऐकवायचो.

"अरे, शिवलेसुद्धा नाही," ती म्हणायची.

हिरड्यांतून रक्त येतं, हे मात्र दात काढतील या भीतीने तिने लपवलं. दात हलायला लागला तेव्हा कळलं.

डॉक्टरीणबाई हिरड्या साफ करून मला म्हणाल्या, "इन्फेक्शन इतना पुराना है, शुगर कंट्रोल कैसे होगी?"

तोंडात कापूस असल्यामुळे आईने नुसतं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा वाटलं, सुटलो. आता वाटतं, चार शब्द बोलली असती तर परवडलं असतं.