ब्रिजिटची गोलकीपर

ब्रिजिट गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे आखातात, करामा भागातल्या भाजीच्या दुकानात मेथीच्या जुड्या उलटसुलट करत उभी होते. फोन आइस रिंकच्या मॅनेजरचा. "मॅडम, कोच के इमर्जन्सी में आप का नंबर लिखा है..." एवढं बोलून तो बिचारा अडखळला. शनिवारची प्रॅक्टिस असून ती आली नाही, फोन उचलेना, म्हणून कोणीतरी घरी गेलं, वॉचमनकडून दार उघडून घेतलं. झोपेतच हार्ट अटॅक. सहा आठवडे झाले. वसईला तिला माती दिली, इथल्या चर्चमध्ये महिन्याची मिस्साही झाली, आणि माझा थकवा काही जात नाही. खरं सांगायचं तर रडायचाही कंटाळा आलाय. दीड वर्ष आम्ही धड बोललो नव्हतो, आणि तरी या बाईने नंबर माझाच ठेवला होता.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही दोघी करामातल्या एका फ्लॅटमध्ये एक खोली वाटून राहायचो. मी पुण्याची, शिपिंग कंपनीत. ती वसईची, हॉटेलच्या रिसेप्शनवर. लहानपणी चर्चच्या कंपाउंडात चाकांचे स्केट्स घालून फिरलेली. तेवढ्या भांडवलावर तिने एका सुट्टीला मॉलमधल्या रिंकवर बायकांची आइस हॉकी पाहिली आणि सरळ आत जाऊन विचारलं, "मला घेता का?" कॅनडाच्या, रशियाच्या, इथल्या एमिराती धिप्पाड बायका, आणि त्यांच्यात ही जेमतेम पाच फुटांची! सुरुवातीला रोज काळीनिळी होऊन यायची. मी तिच्या पाठीला बाम चोळत बडबडायचे, "अगं, कशाला मरतेस?" तर म्हणायची, "मरते कुठे? आज एका रशियन बाईला आडवी केली!" पुढे दहा वर्षं डिफेन्सला खेळली, शेवटी शेवटी कॅप्टनही होती. मग गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, खलास. आठवड्याने तिने एक शिट्टी विकत आणली आणि लहान मुलींना शिकवायला लागली.

रिंकवर ती बिनधास्त ओरडायची, अरबी 'यल्ला' म्हणजे 'चला', बाकी सगळं मराठीत. "यल्ला, मागे या, मागे!" तिच्या एमिराती मुलींना 'मागे' म्हणजे काय ते पक्कं ठाऊक होतं. माझी सई आठ वर्षांची असताना तिच्याकडे जायला लागली. बर्फ म्हणजे थंडी, हे माझं पुणेरी डोकं. मी पॅड्सच्या आत लोकरीचा स्वेटर आणि हेल्मेटखाली माकडटोपी चढवून तिला पाठवली. दहा मिनिटांत पोरगी घामाने लथपथ, चक्कर येऊन बसली. "अगं बाई, ती हॉकी खेळायला आलीय, महाबळेश्वरला नाही!" ब्रिजिट सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसली आणि मग हसत सुटली. सई पुढे गोलकीपर झाली. ते जड पॅड्स घालून मार खात उभं राहायला दुसरी कोणी तयारच नसायची.

दहावीच्या वर्षी मी सईला थांबवलं. ब्रिजिट घरी आली. चहा तसाच ठेवून म्हणाली, "स्पर्धेपर्यंत तरी राहू दे. दुसरी गोलकीपर नाही गं माझ्याकडे. शनिवारी सकाळी फक्त, मी स्वतः नेईन-आणीन." मी दिवसभराची दमलेली, वर सईचे गणिताचे मार्क समोर. म्हणाले, "तुला मूल असतं तर कळलं असतं." ...बोलून गेले मी. ती उठली, "बरं," म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. नंतर दहावी झाली, अकरावी लागली, क्लासेस सुरू झाले. सई विचारायची, मी म्हणायचे, बघू. ब्रिजिटची माफी मागायची, हे मी रोज उद्यावर ढकललं. वाढदिवसाला तेवढे मेसेज पाठवले, फुलांच्या चित्रांचे, लाज वाटते सांगायला.

गेल्या शनिवारी तिच्या भावाच्या सांगण्यावरून मी आणि सई रिंकवर तिचं सामान आणायला गेलो. मॅनेजरने लॉकरमधली पिशवी दिली. गुडघ्याचा पट्टा, दोन शिट्ट्या आणि मुलींच्या हजेरीची फाइल. सई तिथेच बाकावर बसून पानं उलटायला लागली. सोडून गेलेल्या मुलींची नावं पुढच्या महिन्याच्या पानावरून गायब व्हायची. सईचं मात्र प्रत्येक पानावर होतं, ब्रिजिटच्या गोल गोल अक्षरात, नावापुढे 'गोलकीपर', आणि दर शनिवारच्या चौकटीत गैरहजेरीची खूण. एकही चौकट रिकामी नव्हती. मॅनेजर म्हणाला, "मैंने बोला था मॅडम, वो बच्ची तो छोड गई, नाम काट दो. तो बोलीं, छोडा नहीं, छुट्टी पर है."

बर्फावर मुलींची प्रॅक्टिस चालू होती. कोणीतरी नवीन कोच होती, आणि मुली रिकाम्या गोलमध्येच रबराची चकती, पक, मारत होत्या. सई बराच वेळ काचेतून बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ममा, विल यू ड्रॉप मी नेक्स्ट सॅटर्डे?"

मी हो म्हणाले. ब्रिजिटने एवढंच मागितलं होतं.