जगदेवचा थोरला देव

जऊळक्याच्या जगदेव सुताराचा हात सोन्याचा आणि पोट जळकं. दुसऱ्याचं कौतुक कानावर पडलं की त्याला घास गिळवत नसे. बहात्तरच्या दुष्काळात वखर-तिफनी दुरुस्तीला यायच्या थांबल्या, तेव्हा रिकाम्या बसलेल्या या बाप्यानं एक खेळ काढला. मांजरपाटावर काळ्या रंगानं घरं आखली, चिंचोके झाले गावकरी, आणि त्यांचे राखणदार लाकडाचे देव. समोरच्याचे सगळे गावकरी उचलले की जिंकलं. खऱ्या देवांना पटावर हरवणं पाप, म्हणून यानं नवेच घडवले. वावटळ्या चार घरं उडी मारी, टोळोबा एका चालीत दोन गावकरी खाई. स्टेशनाजवळच्या निंबाखाली रोज दुपारी माणसं जमू लागली. जगदेवचा खेळ, जगदेवचे देव, असं जो तो म्हणे.

पण कोणाला कोणता देव ते चिठ्ठ्या टाकून ठरे, आणि चिठ्ठीत वावटळ्या निघाला की तो गडी जिंकलाच. रोज भांडणं. त्याला काही खोड लाव, असं लोक म्हणत, तर जगदेव कानाला हात लावी. देवाला उणं ठेवलं की हात झडतात, मग तो देव आपणच घडवलेला का असेना.

भिवाजीला असली भीती नव्हती. हा रेल्वेत गँगमन, जगदेवबरोबर चौथीपर्यंत शिकलेला. घरानं छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हापासून देवांशी त्याचं देणंघेणं उरलं नव्हतं. त्याच्या लेखी या नुसत्या सोंगट्या. एके दिवशी त्यानं एक ओबडधोबड बाई कोरून आणली.

"हे विहीरमाय. मेलेला गावकरी हिच्यापाशी जिता होते. पण हे एका टायमाले एकच घर सरकते."

झालं. आता कोण जिंकेल ते शेवटपर्यंत कळेना, आणि जो तो विहीरमाय मागू लागला. "भिवाजीनं खेळात जीव आणला," असं पंजाबराव पाटील म्हणाले आणि जगदेवच्या अंगाचा तिळपापड झाला. नाक ना डोळे, अन् म्हणे देव! खेळ आपला, पट आपला, नाव त्याचं. घरी भाकरी तशीच टाकून तो उठला, तेव्हा बायको सोजरबाई म्हणाली, "तुमी एवढे जळून राह्यले, तं चुलीत लाकूड कायले घालू मी?"

आठ दिवस खपून जगदेवनं थोरला देव घडवला. पिळदार मिशा, जिवंत डोळे. कुठंही उडी मारणारा, कशानंही न मरणारा. पहिल्या दिवशी तो पंजाबरावांना मिळाला. पाच चालींत डाव संपला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी उघडताच समोरचा गडी धोतर झटकून उठला. चौथ्या दिवशी निंबाखाली कुत्रं नव्हतं. सगळे भिवाजीच्या ओट्यावर, खडूनं आखलेल्या घरांवर विहीरमाय खेळत होते. ते पाहून जगदेवच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. पण खेळ हातचा चालला होता. थोरल्याला बगलेत मारून तो तिथं गेला.

"याची खोड काय?" भिवाजीनं विचारलं.

"खोडच नाई. म्हणून तं कोणी खेळून नाई राह्यलं."

भिवाजीनं देव फिरवून पाहिला. "काय हात हाये लेका तुया! असे डोळे मले जलमात जमणार नाई. रोज घरी जाऊन मी जळतो ना." मग जरा थांबून म्हणाला, "याले असं कर. शेजारच्या घरात दुसरा देव येऊन बसला, का याले पाहवत नाई. एक चाल बुडते."

ओट्यावरचे लोक गालात हसले.

"हे तू माह्यावर घातलं," जगदेव म्हणाला.

"दोघांवर घातलं. बस, मांड."

डाव असा रंगला की पंजाबरावांनी विडी पेटवायची ती तशीच बोटांत धरली. विहीरमाय एकेक घर सरकत आली आणि थोरल्याच्या शेजारी टेकली. जगदेवच्या समोर भिवाजीचा शेवटचा गावकरी आयता पडला होता. एक उडी, की डाव त्याचा. त्यानं भिवाजीकडे पाहिलं, दात खाल्ले, उजवा हात मांडीखाली दाबला आणि चाल सोडली.