पुठ्ठ्याला घंटी नव्हती

नातवाने घरच्या कॉम्प्युटरवर मराठी टायपिंगचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि मला माझा फुकटचा पुठ्ठा आठवला. बहात्तर सालच्या सुमारास मी संगमनेरला टायपिंग क्लासला जायचो. बेलापूरच्या चुलतबहिणीला घरचे क्लासला पाठवेनात, म्हणून मी पुठ्ठ्यावर टाइपरायटर मशीनच्या सगळ्या कळा पेनाने रेखून तो तिला दिला. चुलीपाशी बसून ती त्यावर बोटं पळवायची, तेही माझ्यापेक्षा वेगात. पुठ्ठ्याला कायम धुराचा वास. मग साखर कारखान्याच्या ऑफिसात जागा निघाली. परीक्षेत ती पहिल्यांदाच खऱ्या मशीनपुढे बसली आणि मिनिटभरात बाहेर आली. "घंटी वाजली की! वेळ संपली म्हणून हात काढले मी." मी कपाळावर हात मारला. "अगं, ती ओळ संपत आल्याची घंटी! दांडी सरकवून पुढची ओळ घ्यायची असते." "मग आधी सांगायचंस ना, दादा! तुझ्या पुठ्ठ्याला कुठं हुती घंटी?" नोकरी हुकली. पोरगी घाबरली, असं घरात सगळे म्हणाले, आणि मीही मान डोलावली. ती घाबरली नव्हती, हे आज लिहून ठेवतो. हे सॉफ्टवेअर ओळ संपली की आपणहून खाली उतरतं. एवढी अक्कल माझ्या पुठ्ठ्यात असती, तर ती त्याच ऑफिसातून रिटायर झाली असती.